दोन गाड्यांची एक गाडी

नवरा : हात घाल. आत हात घाल म्हणतोय ना.

मेहुणा : दाजी, कपडे खराब होतील हो. इथनं दिसतंय मला.

नवरा : काय दिसतंय? सांग बघू. स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या झाकणाखाली काय दिसतंय तुला?

मेहुणा : फडकं.

नवरा : फडकं नव्हे, टॉवेल. निळ्या पट्ट्यांचा. अर्धा फाडून, घडी घालून कोंबलाय. तिथं काय असायला हवं होतं? तुझा धंदाच आहे जुन्या गाड्यांचा, तुला ठाऊक असेल.

मेहुणा : एअरबॅग. पण दाजी, एवढ्या जुन्या गाडीत...

नवरा : एवढ्या जुन्या गाडीत काय? कंपनी टॉवेल देते? धडक बसली की तोंड पुसायला?

मेहुणा : ओरडू नका ना. शेजारीपाजारी ऐकतात.

नवरा : ऐकू देत! हॉर्न अडकायला लागला म्हणून मी सकाळी झाकण उघडलं. हॉर्न म्हणून! नाहीतर कळलंही नसतं. दिवा बरोबर लागत होता ना. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. मी म्हणायचो, वा, सगळं ठीक आहे. का विझायचा ठाऊक आहे? त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलीय. ऑइलचा विझला की हाही विझतो. कुणीतरी नीट बसून, डोकं लावून केलेलं काम आहे हे.

मेहुणा : मी नाही केलेलं.

नवरा : तू केलंस असं म्हटलंय का मी? तुला ठाऊक होतं का, एवढंच विचारतोय.

मेहुणा : बघा दाजी, शांतपणे बोलू. मी पंधरा गाड्या घेतो, पंधरा विकतो. प्रत्येकीच्या पोटात शिरून बघत बसलो तर धंदा होईल का? आणि ही केवढ्याला दिली मी तुम्हाला? तशीच नवी घ्यायला गेलात तर हे घर विकावं लागेल. लेदरच्या सीट, लाकडी पट्ट्या, काचेचं छप्पर. त्या भावात साधी डबा गाडी मिळत नाही. तेव्हा तुम्हीच म्हणालात, एवढी स्वस्त कशी? मी म्हणालो, काम आहे तिच्यात.

नवरा : काम आहे म्हणालास. काम म्हणजे सस्पेन्शन गळतंय ते. काम म्हणजे गिअर झटके देतो, काचा वर जात नाहीत. ते सगळं केलं मी. दिवसभर दुकानात औषधं द्यायची आणि संध्याकाळी इथं येऊन पाठीवर पडायचं. कातड्याची एकेक सीट सोडवून, पुसून, शिवून परत बसवली. आणि तू मला...

बायको : काय चाललंय दोघांचं? रस्त्यापर्यंत आवाज येतोय. आणि तू कधी आलास रे? घरात न येता थेट शेडमध्ये?

मेहुणा : काही नाही ताई. दाजींना गाडीत थोडं काहीतरी सापडलंय.

नवरा : थोडं! दाखव तुझ्या ताईला तो टॉवेल. रोज शाळेत जाताना तिच्या छातीपासून एक हातावर होता तो.

बायको : हे काय आहे?

नवरा : तुझी एअरबॅग.

बायको : म्हणजे? गाडी ठोकली असती तर...

नवरा : तर काही उघडलं नसतं. आणि तेवढंच नाही. खाली बस. इथं, दाराशी. कार्पेट उचललंय मी. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधून ही आडवी रेघ गेलीय ती दिसते?

बायको : वेल्डिंग केल्यासारखं आहे.

नवरा : केल्यासारखं नाही, केलंय. खालून वर, दोन्ही बाजूंच्या खांबांतून थेट छपरापर्यंत. वर पुट्टी भरून रंग दिलाय. हे लोहचुंबक घे आणि खांबावर फिरव. इथं चिकटतं. इथं चिकटतं. आता इथं लाव.

बायको : पडलं.

नवरा : पडणारच. तिथं लोखंड कमी आणि पुट्टी जास्त. ही एक गाडी नाहीच मुळी. मागून ठोकलेल्या एका गाडीचं तोंड आणि पुढून ठोकलेल्या दुसरीचं ढुंगण. मध्ये कापून चिकटवलंय. मी दोन मेलेल्या गाड्यांना पॉलिश करत बसलो होतो.

मेहुणा : दाजी, वेल्डिंग म्हणजे लगेच मोडतंय असं नसतं. जहाजंसुद्धा वेल्डिंगवरच उभी असतात.

नवरा : तोंड बंद ठेव! जहाज म्हणे!

बायको : थांब जरा. तू इकडे बघ. माझ्याकडे. तुला हे ठाऊक होतं?

मेहुणा : ताई, मी काय प्रत्येक गाडीच्या...

बायको : हो की नाही?

मेहुणा : नक्की असं काही ठाऊक नव्हतं.

बायको : चाळीस पोरांचा वर्ग सांभाळते मी. खोटं बोलताना पोरं कशी उभी राहतात, मला रोज दिसतं. हो की नाही?

मेहुणा : नाही. देवाशपथ नाही.

बायको : बरं. मग मला एक सांग. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी तू मला फोन केलास.

मेहुणा : केला असेल.

बायको : केलास. एरवी आईच्या औषधांचं विचारायलाही तुझा फोन येत नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं. काय म्हणालास आठवतं?

मेहुणा : नाही बुवा.

बायको : म्हणालास, ताई, आईला पुढे बसवू नकोस, मागे बसव. मागच्या सीटवर तिला मोकळं वाटेल, पाय लांब करता येतील. दोनदा सांगितलंस. फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणालास, मागेच हं. मी आईला म्हटलंसुद्धा, बघ, किती काळजी करतो तुझी.

मेहुणा : मग? काळजी करणं गुन्हा आहे का?

बायको : आई मागे. आणि गाडी कोण चालवणार होतं रे?

मेहुणा : ताई...

बायको : कोण चालवणार होतं?

मेहुणा : तू.

बायको : मी. त्या टॉवेलसमोर मी.

नवरा : हे तू मला सांगितलं नव्हतंस. फोनचं.

बायको : सांगण्यासारखं काय होतं त्यात? भावाने फोन केला, आईला नीट ने म्हणाला. नालायका, तुझी जीभ कशी वळली? अर्धं सांगितलंस, मग पूर्ण सांगायला काय झालं होतं?

मेहुणा : ऐक ना. नीट ऐकून तरी घे माझं. ती गाडी माझ्या गळ्यात पडली होती. घेताना मलाच फसवलं, नंतर कळलं. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, वास आल्यासारखं निघून जायचं. मग दाजी आले. वेडेच झाले तिच्यासाठी. दार उघडायचे, लावायचे, परत उघडायचे. म्हणाले, आवाज ऐक, तिजोरीचं दार लागतं तसा आवाज आहे. मी म्हटलं, घेऊन जाऊ देत. मला वाटलं...

नवरा : काय वाटलं?

मेहुणा : जाऊ द्या.

नवरा : नाही, बोल. आता बोललास तर बोल.

मेहुणा : मला वाटलं, तुमच्याच्यानं ती कधी सुरूच होणार नाही! झालं समाधान? त्या मोटारसायकलचं काय झालं? त्या बोटीच्या पंपाचं? सगळं अर्धवट पडलंय त्या कोपऱ्यात. मी म्हटलं, हीही इथंच विटांवर उभी राहील. दाजी रोज पुसतील, खूश राहतील, कुणाला काही व्हायचं नाही. रस्त्यावर येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं मला. ताईने सांगितलं, गाडी सुरू झाली, आम्ही फिरून आलो, तेव्हा घाम फुटला मला. खरंच फुटला.

नवरा : म्हणजे मी टाकाऊ कारागीर, म्हणून मला टाकाऊ गाडी.

मेहुणा : तुम्ही कारागीर नाही आहात दाजी, हौशी आहात. मला त्यात वाईट काही म्हणायचं नाही.

नवरा : हौशीच आहे. आणि माझ्या हौसेने ती गाडी चालली. तुझ्या बाजारातल्या एकालाही चालवता आली नव्हती. चालली, म्हणून तुझी बहीण तिच्यात बसली. नसती चालली तर बरं झालं असतं, असं मला आज माझ्याच हातांबद्दल म्हणावं लागतंय. कळतंय का तुला काय केलंस ते?

बायको : घाम फुटला तेव्हा काय केलंस तू?

मेहुणा : सांगणार होतो.

बायको : काय केलंस विचारतेय.

मेहुणा : फोन केला की. आईला मागे...

बायको : पुरे.

मेहुणा : ताई, चूक झाली. पण आता मार्ग काढू ना. मी गाडी परत नेतो. आत्ता नेतो. दिलेलं सगळं परत, वर दाजींची मेहनतही भरून देतो. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. परवा तुम्ही पंपावर हवा भरत होतात ना, तिथं बघितली त्यानं. तेव्हापासून मागे लागलाय, उद्याच बघायला येतो म्हणतोय. अशी चकाचक गाडी कुणाची म्हणतो. तुम्ही फक्त कार्पेट परत बसवा आणि ते झाकण लावा.

बायको : त्याच्या घरी कोण कोण असतं?

मेहुणा : कुणाच्या?

बायको : त्या गिऱ्हाइकाच्या. बायको आहे? पोरं आहेत? आई आहे? तिला मागे बसव म्हणून त्यालाही फोन करशील का?

मेहुणा : अगं, अख्खा बाजार हेच करतो! मी एकट्याने सोवळं नेसून काय होणार आहे? दाजी, तुम्ही तरी समजवा हिला. तुमचं किती रक्त आटलंय या गाडीत. भंगारात टाकलीत तर किलोच्या भावाने जाईल. तुमच्या त्या शिवलेल्या सीटसकट.

बायको : तू गप्प का झालास?

नवरा : विचार करतोय.

बायको : कसला?

नवरा : काही नाही. बघतोय गाडीकडे.

बायको : एक मिनिट. हॉर्नचं झाकण तू आज उघडलंस. कार्पेट कधी उचललंस?

नवरा : ते... खाली पाणी साचत होतं ना.

बायको : कधी?

नवरा : रविवारी.

बायको : रविवारी. आज काय आहे? शनिवार. सोमवारी मी ही गाडी घेऊन शाळेत गेले. मंगळवारी गेले. बुधवारी पुलावरून गेले, कारण तू म्हणालास पुलावर पळवून बघ, कशी तरंगते ती.

नवरा : मला वाटलं, जोड पक्का असेल. आणखी नीट बघू, मग सांगू. आत पट्ट्या टाकून मजबूत करता येईल का, तेच शोधत होतो रोज. पळवून बघ म्हणालो, कारण... कारण काही होत नाही हे मला ऐकायचं होतं.

बायको : माझ्याकडून.

नवरा : हो.

मेहुणा : बघ ताई, म्हणजे दाजींनासुद्धा...

बायको : तू मध्ये तोंड घालू नकोस! तुम्ही दोघं एकाच मापाचे आहात. एकाला गाडी खपवायची होती, दुसऱ्याला ती सोडवत नव्हती. आणि मधे मी, रोज सकाळी आरसा नीट करून, पट्टा लावून, तुमच्या जिवावर निर्धास्त. मला राग कशाचा येतोय माहितीय? त्या टॉवेलचा नाही. मी या गाडीचं शाळेत सगळ्यांना कौतुक सांगत होते. माझ्या भावाने मिळवून दिली, माझ्या नवऱ्याने उभी केली. तोंड दुखेपर्यंत सांगितलं.

नवरा : चुकलं माझं.

बायको : चुकलं म्हणू नकोस. काय करणार आहेस ते सांग.

नवरा : ग्राइंडर कुठं ठेवलाय?

मेहुणा : ग्राइंडर? कशाला? दाजी, वेड्यासारखं करू नका. गिऱ्हाईक उद्या येतंय!

नवरा : उद्या आला की त्याला बघू दे. आत काय आहे ते उघडं करून ठेवतो. जोडलीय तिथूनच कापतो. मग कुणालाच नाही विकता येणार, तुलाही नाही आणि मलाही नाही. बाजूला हो.

मेहुणा : मी नाही हलणार. मी परत घेतो म्हणतोय ना? माझी गाडी आहे मग ती.

नवरा : गाडी माझ्या नावावर आहे. सरक.

मेहुणा : ताई, ग्राइंडरची वायर सोड. लावू नकोस ते बटण. ताई, बाजारात माझं नाव जाईल. ही कुठून आली म्हणून सगळे विचारतील.

बायको : सांग त्यांना. कुणालातरी एकदा खरं सांगून बघ.

(ग्राइंडरचा आवाज. बराच वेळ. मग थांबतो.)

नवरा : गेला?

बायको : मघाशीच. गेट उघडं टाकून गेला.

नवरा : हा बघ. खांब कापला तर आतून पुट्टीचा भुगाच पडतोय. ओंजळभर.

बायको : दुसरा खांबही काप.

नवरा : कापतो. चष्मा पुसू दे. तू आत जा, ठिणग्या उडतायत.

बायको : इथंच बसते.

नवरा : माझ्यावर रागावलीयस अजून.

बायको : हो. पुष्कळ. तुझं आपण नंतर बघू, तू घरातच असणार आहेस.

नवरा : मग रडतेस कशाला?

बायको : त्याला सायकल मी शिकवली होती. मागून सीट धरून पळायचे, धापा टाकत. सारखा ओरडून विचारायचा, ताई, धरलंयस ना? लोक काय करतात, हो म्हणतात आणि हात सोडून देतात. पोर आपोआप शिकतं. मी नाही सोडला कधी. किती दिवस नुसती पळत राहिले त्याच्यामागे.

नवरा : का?

बायको : तो विचारायचा ना, धरलंयस का म्हणून.