दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सोफा

लेक : ते प्लास्टिक परत घाला बरं सोफ्यावर, बाबा.

बाबा : का? मदत निधीच्या मॅडम काय प्लास्टिकवर बसणार? जरा हललं की चरचर वाजतं ते.

लेक : त्यांना सोफ्यावर बसवायचंच नाहीये. त्यांच्यासाठी ती लोखंडी खुर्ची पुसून ठेवलीय मी.

बाबा : घरी आलेल्या बाईला लोखंडी खुर्ची. तीही डुगडुगणारी. सोफे करणाऱ्याच्या घरी बसायला धड जागा नाही म्हणतील.

लेक : म्हणू देत. तेच तर बघायला येतायत त्या.

बाबा : म्हणजे आता गरिबी झाडूनपुसून मांडून ठेवायची.

लेक : मांडू नका. फक्त झाकू नका. हा सोफा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. संध्याकाळी टेम्पो येणार न्यायला. मॅडमना वाटायचं आपलाच आहे. त्या सरळ लिहून मोकळ्या होतील, घरात मखमली बैठक, मदतीची गरज नाही.

बाबा : कापड त्यांचं असेल, शिवण माझी आहे. ये, बघ. कुठे टाका दिसतोय?

लेक : नाही दिसत. पण मामाच्या लग्नातला शर्ट दिसतोय अंगावर. आणि शेजारच्या काकूंचे सोनेरी काठाचे कप कशाला आणलेत?

बाबा : आपल्या कपांचे कान तुटलेत.

लेक : एकाचा शाबूत आहे.

बाबा : मग मॅडमना त्यात दिला असता, आणि आपण दोघं बिनकानाचे.

लेक : आई कामावर जाताना काय बजावून गेलीय, आठवतंय का?

बाबा : आठवतंय की. म्हणाली, तुम्ही तोंड उघडायचं नाही आणि खरं तेच बोलायचं. तोंड न उघडता खरं कसं बोलतात ते मात्र सांगायचं राहिलं तिचं.

लेक : हसा. पण मॅडम येतायत त्या तुमच्यामुळे येतायत, हे माहितीये ना?

बाबा : मी काय केलं?

लेक : अर्जात विचारलं होतं, कुटुंब दरवर्षी किती देऊ शकेल. मी तिथे पेन्सिलने आकडा लिहून ठेवला होता. तुम्ही सही करायला बसलात आणि तो खोडून तिप्पट लिहून पाठवलात.

बाबा : इतका बारका आकडा. पोरीला कॉलेजात पाठवतोय की जत्रेला, म्हणाले असते.

लेक : अहो, हे असं चालतं. सगळा खर्च एका बाजूला धरायचा. फी, वसतिगृह, पुस्तकं, डोंगरात दगड बघत फिरायच्या सहली. त्यातून आपल्याला झेपेल तेवढं वजा करायचं. उरेल त्याचं निधीवाले बघतात. काही शिष्यवृत्ती, ती परत करायची नसते. काही कर्ज, ते मी नोकरीला लागल्यावर फेडायचं. तुम्ही तिप्पट लिहिलंत, मग उरलंच काय? त्यात उत्पन्नाचा दाखला एक बोलतोय आणि तुमचा आकडा भलतंच. त्यांना वाटलं असेल, या माणसाने जमिनीत पुरून ठेवलंय काहीतरी.

बाबा : शोध की मग, दगडूबाई. जमिनीखालचंच तर शिकायला निघालीस.

लेक : शोधेन. शुक्रवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर माझी जागा दुसऱ्याला देणार आहेत. मग इथेच बसून शोधेन, लोकांच्या सोफ्यांत पडलेली नाणी.

बाबा : सापडतात गं. मागे एक कानातलं सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं मी.

लेक : माहितीये. साबणाच्या पाण्यात धुऊन नेऊन दिलंत.

बाबा : हे बघ, मला नाही जमत कुणापुढे हात पसरायला. इतकी वर्षं शिकलीस, कधी फी थकली तुझी?

लेक : नाही थकली. आईचा चष्मा थकला. काडीला दोरा बांधून इस्पितळातल्या चादरी मोजते ती.

बाबा : पुढच्या महिन्यात करतोय तिचा चष्मा.

लेक : हे मी गेल्या वर्षीही ऐकलंय.

बाबा : हळू बोल. आल्या वाटतं.

लेक : आल्याच. आता ते प्लास्टिक राहू दे. निदान त्या लग्नातल्या शर्टाच्या बाह्या तरी वर दुमडा, कामातले दिसाल.

मॅडम : नमस्कार. विद्यार्थी मदत निधीकडून आलेय. अर्जावरचं नाव तुझंच ना? वा, किती छान सोफा आहे. इथे बसू?

बाबा : बसा ना. मधोमध बसा, टेकून.

मॅडम : एवढ्यात घेतलात का हो?

बाबा : नवाच म्हणायचा.

लेक : बाबा.

बाबा : तू चहाचं बघ गं.

मॅडम : चहा होईल नंतर. आधी कामाचं बोलू. तुम्ही अर्जात हा आकडा लिहिलाय. दरवर्षी एवढं जमेल तुम्हाला?

बाबा : जमवणार. एकुलती एक आहे.

मॅडम : कसं जमवणार?

बाबा : कामं वाढवीन. रविवारीही बसेन.

लेक : रविवारी बसताच की तुम्ही. आठवड्याला अजून एक वार कुठून आणणार?

मॅडम : राग मानू नका. मी जाते त्या प्रत्येक घरी वडील मला हेच सांगतात. पहिलं वर्ष कसंबसं रेटतात. दुसऱ्या वर्षी पोरगी सामान बांधून घरी येते आणि म्हणते, मला तिथे करमत नव्हतं. तुमची इच्छा मला दिसतेय. मला हवंय ते झेपेल किती ते. उद्या समिती बसणार आहे. मी इथे लिहून नेईन त्याच्यावरच ठरणार सगळं.

लेक : बाबा, एक विचारू? गिऱ्हाईक सोफा घेऊन येतं आणि म्हणतं, घाई आहे, नुसतं वरचं कापड बदलून द्या. तेव्हा तुम्ही काय म्हणता?

बाबा : आता मध्येच दुकानाचं काय?

लेक : सांगा तर.

बाबा : म्हणतो, आधी पालथा घालून आतलं बघू दे. लाकूड किडलंय का, पट्टे सैल पडलेत का. त्याशिवाय मी कात्री लावत नाही.

लेक : आणि गिऱ्हाईक रागावलं तर?

बाबा : रागावू दे. आत मोडकं ठेवून वर मखमल चढवली की दोन महिन्यांत सगळं माणसासकट खाली येतं. पुन्हा नाव माझं खराब.

लेक : मग?

बाबा : मग काय मग.

मॅडम : काय झालं?

बाबा : मॅडम, जरा उठता का? याला प्लास्टिक घालतो. हा आमचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे. दुरुस्तीला आला होता, संध्याकाळी जाईल. मघाशी विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं, पण जीभ वळली नाही. आमच्या घरचं बसायचं म्हणजे ही खुर्ची. बेतानं बसा, डुगडुगते.

मॅडम : लोकांचे सोफे इतके नीट करता आणि घरची खुर्ची अशी?

लेक : तिचे पैसे कोण देणार त्यांना?

मॅडम : बरं, बसले. आता आकड्याचं बोला.

बाबा : तो खोडा. खरा सांगतो. पण आधी हिला आत पाठवा.

लेक : मला माहितीये तो. पेन्सिलने मीच लिहिला होता.

बाबा : माहीत असू दे. तुला माहीत असणं वेगळं आणि तुझ्यासमोर मी तोंडानं म्हणणं वेगळं. जा बाळा. चहा टाक. कान बंद ठेव.

लेक : जाते. काकूंच्या कपात देऊ की आपल्या?

बाबा : आपल्याच दे. कानाचा मॅडमना.

मॅडम : हं, सांगा आता. गेली ती.

बाबा : कागद इकडे करता का? लिहूनच देतो. हे एवढे. दरवर्षी, न चुकता. फार कमी दिसतात हो, लिहिल्यावर.

मॅडम : कमी नाहीत. खरे आहेत ना? खरे असले की पुढचं काहीतरी करता येतं आम्हाला. मग हाच धरू?

लेक (आतल्या खोलीतून) : कान बंदच आहेत माझे. पण बाबा, त्यात आईचा चष्मा धरलात का?

मॅडम : काय म्हणतेय ती?

बाबा : काही नाही. त्यातून एक चष्मा वजा करा, मॅडम.