घड्याळाच्या पाठीला काच

गंगाधरपंत : पाठीला काच? आकाराम, साताऱ्यात वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, असली मागणी कुणी केली नाही. माणूस वेळ बघतो तो पुढून.

आकाराम : आमाला वेळ न्हाई बघायची, पंत. आतली चाकं फिरताना दिसाय पायजेत.

गंगाधरपंत : चाकं झाकलेलीच बरी. पोलादी झाकण धूळ अडवतं, घाम अडवतं. काच एकदा आपटली की संपलं. आणि हे तर फौजेतलं घड्याळ दिसतंय.

आकाराम : माझ्या पोराचं, कृष्णातचं. चैतात इटलीच्या लढाईत गेला त्यो. पल्टणीनं सामान धाडलं, त्यात आलं.

गंगाधरपंत : अरेरे... हळू बोला. त्याची आई शेजारी बसलीय.

आकाराम : बनूला ऐकाय येत न्हाई. दोन सालांमागं ताप आला, त्यात दोन्ही कान गेलं. तिला ठावंच न्हाई अजून.

गंगाधरपंत : सांगितलं नाहीत?

आकाराम : "जेवाय चल" म्हणायचं तरी कानाशी वरडावं लागतंय. पोरगं गेलं, हे वरडून कसं सांगू, पंत? दोनदा तोंड उघडलं. दोन्ही येळंला "जेवाय चल" एवढंच वरडलो. घड्याळ आलं तवा खुणेनं सांगितलं, त्यानं तुझ्यासाठी धाडलंय.

गंगाधरपंत : झाकण एवढं कशानं ओरखडलंय?

आकाराम : चाकूच्या टोकानं. सुट्टीवर आला तवा त्यानं आईला झाकण काढून चाकं दावली हुती. आता ती रोज सांजच्याला उंबऱ्यावर बसून झाकण काढती आन् बघत बसती. धूळ जाऊन बंद पडलं.

गंगाधरपंत : द्या इकडं. झाकण मधून कापून काच बसवतो. पण सांगून ठेवतो, फार टिकायची नाही.

आकाराम : टिकंल तितकी टिकू द्या.

(दोन तासांनी. आकाराम वडूजची मोटार बघायला गेला आहे.)

गंगाधरपंत : बाई! हे बघा! चालतंय!

बनुबाई : वरडू नगा, पंत. व्हटांवरनं कळतंय मला. ह्यास्नी ठावं न्हाई ते.

गंगाधरपंत : म्हणजे... मघाशी आम्ही बोललो ते?

बनुबाई : ते आधीच ठावं हुतं. तार आली त्या दिशी आळीतल्या बायका माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावत हुत्या. आन् हे गोठ्यात बैलाच्या गळ्यात पडलं हुतं.

गंगाधरपंत : मग सांगा की त्यांना! दोघं मिळून रडा तरी.

बनुबाई : मला कळू नये म्हणून तर ते उठत्यात, रानात जात्यात, माझ्यासंगं दोन घास खात्यात. मला कळलंय म्हणलं, तर अंथरूण धरत्याल.

गंगाधरपंत : मग रोज त्या चाकांत काय बघता एवढं?

बनुबाई : चाकांत काय हाय? मी मान खाली घालून बसली, की तेवढ्या वेळात त्यास्नी रडून घेता येतंय.