येसू कुणाकडे राहणार?

श्रीमंतांनी कात्रजचं पाणी पुण्यात आणलं, तेव्हाची गोष्ट. हौदावर माझ्यापुढे कोष्ट्याची म्हाळसा आणि तिची शेजारीण ठकूबाई उभ्या होत्या.

"झाला गं काडीमोड?" ठकूबाईनं विचारलं.

"झाला. काल पंच बसले होते."

"आणि येसू?"

"माझ्यापाशीच राहणार! तो तिला नेईल या धास्तीनं आठ दिवस घास उतरत नव्हता."

"सुटलीस बाई. पण तिच्या पोटाचं काय?"

"पंच म्हणाले, तिचं लग्न होईपर्यंत बापानं दरमहा चार पायल्या जोंधळे द्यावेत."

"कुरकुरला असेल."

"नाही. म्हणाला, पाच देतो, पोरीला भूक फार."

"मग असा माणूस सोडलास कशाला?"

"बाप चांगलाच आहे हो. नवरा म्हणून सहा वर्षं सोसला, तेवढं पुरे."