ड्रॉवरमधला फोन

धाकटा : परत तेच! ‘उपकरण व्यस्त आहे.’ अरे, कशात व्यस्त? आईच्या कानातलं मशीन ते, मंत्री आहे का?

वहिनी : भावजी, सकाळपासून डाफरताय त्या कॉम्प्युटरवर.

धाकटा : मग काय करू? मशीनची कंपनी बुडाली, ॲप बंद पडलं. आवाज वाढवायचा तर आता हा एकच फुकटातला प्रोग्राम, कुणा भल्या माणसानं लिहून नेटवर टाकलेला. माहिती किती दिलीय? एक पान! ‘ब्लूटूथ चालू करा. मशीन जोडा. बाकी सोपं आहे.’ सोपं म्हणे!

आई : काय म्हणतोय गं तुझा दीर?

वहिनी : काही नाही, आई!

आई : आं?

धाकटा : ओरडू नकोस, वहिनी. पाटीवर लिही.

वहिनी : पाटीवरच चाललाय आमचा संसार. परवा मागून टेम्पो आला, हॉर्नवर हॉर्न. ह्या आपल्या निवांत चालताहेत. मी दंड धरून ओढलं म्हणून वाचल्या.

धाकटा : म्हणून तर आलोय... थांब. इथे नेटवर कुणीतरी असंच रडलंय, त्याला उत्तर दिलंय. ‘मशीन दुसऱ्या फोनला जोडलेलं असलं की व्यस्त दाखवतं.’ तुझ्या फोनला जोडलंयस?

वहिनी : नाही.

धाकटा : मग कुणाच्या? मशीन आणलं दादानं, जोडलं दादानं. आणि दादाचा फोन तर...

वहिनी : चालू आहे.

धाकटा : काय?

वहिनी : ड्रॉवरमध्ये. चार्जरला लावलेला असतो. ऑपरेशनला जाताना घरीच विसरले. एवढा मोठा माणूस आणि फोन विसरतो, म्हणून किती बोलले मी दवाखान्यात. हे नुसते हसत होते. ते गेल्यावर... बंद करवला नाही मला. लॉक ठाऊक नाही, उघडत नाही. पण मधूनच उजेड येतो त्याच्यावर. तेवढंच.

धाकटा : दे. खाली वॉचमनकडे ठेवून बघतो. लांब गेला की मशीन सुटेल.

(फोन खाली नेऊन, परत आणून झाल्यावर.)

धाकटा : नाहीच. आता म्हणतंय, जुनी जोडणी मशीनमधून पुसा. एकदा पुसली की दादाच्या फोनशी मशीन पुन्हा जोडता येणार नाही. लॉक कुठे ठाऊक आहे आपल्याला!

वहिनी : फोन चालू राहील ना? मग पुसा.

आई : तो फोन का काढलाय? त्याचं काय करताय?

धाकटा : लिहितो, थांब. ‘मशीन फोनपासून तोडायचं आहे.’ हे बघ.

आई : हात लावायचा नाही!

धाकटा : अगं, ऐकू येईल तुला!

आई : संध्याकाळी गोळीच्या वेळी तो बोलतो माझ्या कानात.

वहिनी : कोण?

आई : अशी बघू नकोस माझ्याकडे. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतःच्या आवाजात फोनमध्ये भरून ठेवलं. गजराची घंटा मला कळत नाही ना. तू दवाखान्यात त्याच्याजवळ, मी इथे एकटी. जगाचं काही ऐकू येत नाही, पण तेवढं थेट आत येतं. रोज.

वहिनी : भावजी, असं होतं?

धाकटा : होतं. फोनचा आवाज सरळ मशीनमध्ये जातो, शेजारच्याला पत्ता लागत नाही.

वहिनी : म्हणजे विसरले नव्हते. मुद्दाम ठेवला होता फोन. आणि आई, तुम्ही मला...

आई : कळतंय मला, काय विचारतेस ते. सांगितलं नाही मी. माझ्या एकटीपुरतं ठेवलं. स्वार्थी म्हण हवं तर.

धाकटा : काय करू, वहिनी? राहू दे का?

वहिनी : पाटी द्या इकडे.

धाकटा : काय लिहितेस?

वहिनी : त्यांना वाचू दे.

आई : ‘आई, मी दिवसभर भिंतींशी बोलते.’

धाकटा : वहिनी...

आई : पूस रे.

धाकटा : नक्की?

आई : नुसतं तोंड हलवू नकोस. हे घे मशीन. पूस म्हटलं ना!

धाकटा : पुसली... जोडतोय... घेतलं! घेतलं आत! आता आवाज वाढवतो. हं, घाल कानात. आई! ऐकू येतंय?

आई : ओरडतोस कशाला?

वहिनी : आई.

आई : बोल गं... आवाज बसलाय तुझा.

वहिनी : बसलाय खरा. कधीचाच.

आई : मला कसं कळणार? अंधारलं की. गोळीची वेळ झाली. आज काही तो यायचा नाही.

वहिनी : मी देते गोळी. दिवा लावू दे आधी.

फोन : आई, गोळी घेतलीस का? घे आधी.

वहिनी : भावजी!

धाकटा : मशीन सुटलं ना... आता फोनमधूनच वाजणार. माझ्या डोक्यातच नाही आलं.

फोन : आणि ही घरी आली की सांग तिला, उपाशी राहू नकोस म्हणावं. माझ्यासाठी थांबते उगाच. जेवून घे म्हणावं.

धाकटा : वहिनी, बस. खुर्चीवर बस.

वहिनी : रोज म्हणायचे हे?

आई : रोज. तुझा निरोप होता, मी दिला नाही. माफ कर गं मला.

वहिनी : आता मिळाला. भावजी, तुम्हीही हात धुवा. ताटं घेते.