आपल्याच आवाजात

पंच्याहत्तर सालचा उन्हाळा. सोलापुरातल्या सरकारी दवाखान्याचं फाटक काही केल्या चारच्या आत उघडायचं नाही. रांगेत जगदेवीच्या पुढं सालोमीबाई डबा घेऊन उभी होती, आणि तिच्याही पुढचे म्हातारे निंगप्पा मागं वळून बोलत होते.

“डबा कुणाचा, बाई? पोराचा?”

“पोरगा तर जाग्यावरच गेला, आप्पा. डबा ट्रकवाल्याचा.”

“कुठल्या ट्रकवाल्याचा?”

“दारू पिऊन ज्यानं माझ्या पोराच्या अंगावर ट्रक घातला, त्याचा. पाय मोडून पडलाय. हितं त्याचं कुणी न्हाय.”

“अन् तुमी त्याला जेवू घालता?”

“रोज फाटकाशी आलं की मन म्हणतं, डबा गटारात ओत. सैतान शिंगं लावून येत न्हाय, आप्पा. आपल्याच आवाजात बोलतोय.”

“मग वं?”

“मी चादरीच्या मागावर कामाला हाय. धागा तुटला की माग तितंच थांबवायचा. चालू ठेवला की अख्खी चादर वाया. मी बी तशीच वाटेत थांबते. मोठ्यानं म्हणते, येशूच्या नावानं हो बाजूला! लोक येडी म्हणत्यात.”

“जातोय?”

“जातोय की. दुसऱ्या दिवशी परत हजर.”

फाटक उघडलं, तरी रांग हलली नाही. निंगप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. जगदेवीचेही हात आपसूक जुळले.

“बाई, तुमी देवमाणूस हाय.”

“नका हो आप्पा, तसं नका म्हणू. सैतान आज सकाळपासनं हेच म्हणतोय.”