शेपटीसकट कातडं

आम्ही सिन्नरकडचे धनगर, पण काय सांगू तुम्हाला, गाव म्हणावं तर निस्तं कागदावर, जन्म समदा मेंढरांमागं गेला. माझा बाप मेंढरं राखायचा, सासरा तेच, आन् माझा लेक भिवा, त्याच्या मिशीत पांढरं आलं तरी तेच करतोय. आमची मेंढरांची खांड लहान, पण समदी काळी. बाकीच्यांनी मटणासाठी पांढऱ्या उंच जातीचे मेंढे आणले, माझ्या सासूनं नाय आणू दिले. तिचं म्हणणं, देवाला काळ्या लोकरीची घोंगडी लागती, रंगवलेली नाय. सासू मेली, पण तिचा हट्ट आमच्या घरात अजून खाऊनपिऊन हाय.

आता मेंढरं सायखेड्याकडं आमच्या इकडच्या गंगेच्या काठी बसवलीत, लेंडीखतासाठी. ज्याच्या रानात बसवली त्यानं शेजारच्या कांद्याला औषध मारलंय हे सांगितलंच नाय. आमची तुटक्या कानाची मेंढी कांद्याची पात खाऊन दुपारी पाय ताणून मेली. मागं तिचं कोकरू राह्यलं, मादी, काळीभोर, एक केस पांढरा नाय. सासूनं माहेराहून आणलेल्या मेंढीच्या वंशातलं ते शेवटचं, ते गेलं की वंश संपला. बाटलीनं शेळीचं दूध पाजलं तर हगवण लागली. दुसऱ्या मेंढीखाली लावल्याबिगर ते काय जगत नव्हतं.

तव्हाच आमची चंद्री व्याली, आन् तिचं कोकरू निपचित आलं, घटकाभरात गेलं. ती त्याला चाटत उभी, आन् भिवानं तिच्या तोंडासमोरनं ते उचललं, तिथंच बांधावर बसून सोललं. तुमच्या शहरातल्या गंगापूर रोडच्या बायांना बघून चक्कर येईल, पण आमची रीतच ही. मेलेल्याचं कातडं जित्याच्या अंगात घालायचं, चार पाय भोकातनं काढायचे, आन् शेपूट सोडायची नाय, कारण मेंढी शेपटीखाली हुंगती, तिथंच तिला आपलं लेकरू कळतं. आताची पोरं घाण वाटती म्हणून शेपूट कापून टाकतात, आन् मंग रडतात, मेंढी घेत नाय म्हणून. घेईल कशी मुडद्यांनो.

भिवानं शेपटीसकट घातलं, तरी चंद्रीनं हुंगलं आन् अशी धडक दिली की कोकरू कोलमडलं. पुन्हा लावलं, पुन्हा धडक. भिवा म्हणाला, आये, तू मान धर, मी मागचा पाय उचलतो. मी धरली. तिचं अंग थरथरत व्हतं, आन् ते पोर तिच्या सडाला तोंड लावून पीत व्हतं.

मलाही असंच धरलं व्हतं, ऐका. माझं पहिलं बाळंतपण असंच रानात, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीशेजारी, पोरगी झाली. त्याच आठवड्यात मोठी जाऊ बाळंत होताना गेली, तिचा पोरगा वाचला. आन् माझी पोरगी तापानं गेली. तिला पुरून आले, तव्हर सासूनं माझ्या पोरीचं दुपटं, न धुतलेलं, जावेच्या पोराला गुंडाळून ठेवलेलं, आन् त्या पोराला माझ्या छातीला लावलं. मी लाथा झाडल्या. दोघी बायांनी माझे हात धरले. सासू म्हणाली, गेली ती पोरगी व्हती, हा आयता पोरगा हाय, मेंढीला तरी अक्कल असती. मी म्हणलं, आत्या, मला कळतं हा माझा नाय. ती म्हणाली, कळू दे, दूध तर हाय ना. पुढं पोरगा अंगाला लागल्यावर तिनं ते दुपटं फाडलं आन् कंदिलाच्या काचा पुसायला घेतलं. त्या बाईला मी अजून माफ केलं नाय, मेली तरी नाय. पण पोरगा जगला. तोच हा भिवा.

त्याला ठाऊक हाय समदं, लोकांनी लहानपणीच सांगितलं, लोकांच्या तोंडाला काय झाकण असतं का.

परवा चंद्री आपसूक उभी राह्यली, कोणी धरलं नाय. लोक म्हणतात मेंढी येडी, वासाला फसती. फसत नाय ओ. दूध दाटतं, सड ठणकतात, म्हणून घेती. भिवा बघत बसला, मंग खाली मान घालून म्हणाला, आये, तू मला असंच घेतलं का. आता काय सांगू त्याला, खोटं मला जमत नाय. मी म्हणलं, नाय रे बाबा, हिनं दोन दिसांत घेतलं, मला तू चालायला लागेस्तोवर जमलं नाय. तो उठला, मेंढरांना पाणी दावायला गेला.

आज सकाळी आला तो चाकू घेऊनच. म्हणाला, आये, कातडं नासलंय, माश्या बसतात, काढून टाकतो. काढायलाच पाह्यजे, मलाही वास येतो. पण चंद्री अजून शेपटीखालीच चाटतीय. मी म्हणलं, उद्या काढ, आजचा दिस राहू दे, तिच्या लेकराचं तेवढंच उरलंय.