रद्दीत गेलेली पाच वर्षं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शिष्यवृत्ती कार्यालयाचे संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले भाऊसाहेब, वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेल्या बंधुभगिनींनो,

अशा प्रसंगी सत्कारमूर्तीचे गुण सांगायचे असतात. माझी आणि भाऊसाहेबांची ओळख त्यांच्या सहीच्या नोटिशीतून झाली. त्यामुळे मला जरा आडवाटेनं यावं लागेल.

मी बहिऱ्या मुलांना शिकवतो. त्या प्रशिक्षणासाठी या कार्यालयानं मला दोन वर्षं पैसे दिले. अट एकच, पुढं पाच वर्षं कार्यालय सांगेल त्या शाळेत नोकरी करायची. ती केली, तसा दाखला इथं जमा केला आणि विसरून गेलो. एकोणीस वर्षांनी नोटीस आली : सेवेचा पुरावा आढळत नाही, सबब संपूर्ण रक्कम व्याजासह परत करावी, अन्यथा पगारातून कापली जाईल. व्याज मुद्दलाच्या डोक्यावर बसलं होतं. घराचे हप्ते चालू होते. दोन्ही भरणं शक्य नव्हतं, म्हणजे घर जाणार होतं. आमच्या सौभाग्यवतींनी नोटीस दोनदा वाचली आणि शांतपणे विचारलं, "ती पाच वर्षं तिथं नव्हतात, तर होतात कुठं?"

मी कार्यालयात गेलो. भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "मूळ दाखला आणा."

"तो तुमच्याकडंच दिलाय."

"आमच्याकडं नाही."

"मग कुणाकडं आहे?"

"ते तुम्ही सांगायचं. दाखला तुमचा आहे."

अशा नोटिसा एकशे चाळीस जणांना गेल्या होत्या, आणि सगळेच्या सगळे अट पाळणारे. ज्यांनी सेवा पूर्ण केली त्यांचे कागद निकाली म्हणून मागच्या खोलीत गेले होते. पैसे वाटल्याची वही पुढच्या कपाटात होती. संगणकात भरली गेली ती फक्त वही. आणि पैसे घेऊन पसार झालेले? त्यांच्या नावापुढं 'पत्ता लागत नाही' असा शेरा होता. आता पत्ताच नाही, तर कार्यालयानं नोटीस पाठवायची तरी कुठं?

चौथ्या खेपेला मी म्हटलं, "मागची खोली उघडा ना." भाऊसाहेब उठले आणि एक जाड नोंदवही घेऊन आले. आठ वर्षांपूर्वी त्या खोलीचं छत गळून कागद कुजले होते. नियमानं संचालकांची परवानगी हवी. यांनी ती न घेताच सगळं रद्दीत काढलं. पण माणूस शिस्तीचा. रद्दीत टाकलेल्या कागदांची एकेक नोंद केलेली. अनुक्रमांक सत्त्याऐंशी : माझं नाव, पाच वर्षं सेवा पूर्ण, दाखला नष्ट. खाली यांची सही.

"हा घ्या पुरावा," ते म्हणाले.

"हे बाहेर आलं तर तुमचं काय?"

"माझे सातच महिने राहिलेत."

"आणि पेन्शन?"

"चहा घेणार?"

त्यांनी एकशे चाळीस नोंदींच्या नकला स्वतःच्या सहीनं वर पाठवल्या. आमच्या नोटिसा मागं घेतल्या गेल्या, त्याबद्दल संचालक महोदयांचे आभार. त्याच आठवड्यात त्यांनी भाऊसाहेबांची चौकशी लावली आणि निकाल लागेपर्यंत पेन्शन रोखण्याचा आदेश काढला. कार्यालय इतक्या झपाट्यानं काम करू शकतं, हे आम्हाला आधी माहीत नव्हतं.

चौकशी सोमवारी आहे. भिंतीला टेकलेली ही मंडळी कोण, असा प्रश्न व्यासपीठावर मघापासून कुजबुजला जातोय. हे नोटीसवाले. दाराशी टेबलावर आमचं निवेदन ठेवलंय : छत गळत होतं, नोंदी खऱ्या आहेत, आणि या माणसानं खोटं बोलून स्वतःला वाचवलं असतं तर आम्ही बुडालो असतो. एकशे सदतीस सह्या झाल्या आहेत. उरलेल्या तिघांनी जाताना करून जावं. सोमवारी आम्ही सगळे येणार आहोत. संचालक महोदयांनी बसायची सोय पाहावी.

आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली, त्यांचे आभार. भाऊसाहेब, तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून यातलं काहीही तुम्हाला विचारून केलेलं नाही. तेवढ्याबद्दल मात्र तुमची आणि वहिनींची मनापासून क्षमा मागतो, आणि खाली बसतो.